आडवी गोळी

खंडेनवमीला आमच्या घरी विळा, कुऱ्हाड आणि मोटरीचे पाने मांडतात, त्या रांगेत एक बंदुकीची गोळीही असायची. आईचा हट्ट, दुसरं काय. फौजेतून सुट्टीवर आलो तेव्हा मी ती दाखवायला खिशातून काढली आणि तिनं ठेवूनच घेतली. उंब्रजचे पाहुणे आले की, "देवानं राखलं माज्या पोराला," म्हणत ती गोळी पुढं करायची आणि समजावून सांगायला मला बसवायची. मला त्याचा मनापासून वैताग यायचा.

तरी सांगायचो. गोळी टोकानं सरळ आली तर छातीवरची चिलखती प्लेटही फोडू शकते. ही आडवी आली, टोक चेपलेलं, त्यामुळं मार एका जागी न बसता पसरला. आडवा खिळा ठोकून बघा, घुसतोय का लाकडात! माणसं माना डोलवायची, चहा प्यायची. ती आडवी कशानं झाली, हे कुणी विचारायचं नाही. बरंच होतं ते.

आधी ती पलटणीतल्या माझ्या जोडीदाराच्या काखेतून आत गेली होती. तिथं प्लेट नसते. त्याच्या हाडांवर चेपली, फिरली आणि मग माझ्यावर आली. तो जतकडचा, धनगराचा. तो गेला, माझ्या छातीवर नुसता काळानिळा डाग उठला. त्याच्या आईला हे कधीही कळू नये, एवढीच माझी धडपड होती.

गेल्या खंडेनवमीला ती माउली न सांगताच आली, बाजरीचं गाठोडं घेऊन. आईनं तिला पूजेपुढं बसवलं आणि मी अडवायच्या आत कौतुकानं गोळी दाखवली. तिनं गोळीला हळदकुंकू वाहिलं. मग उचलून चेपलेलं टोक बोटानं चाचपलं.

"ही आशी कशानं झाली रं?"

दगडाला लागून, असं मी पाठ करून ठेवलं होतं. तोंडातून निघेना.

"आवं मावशी... तुमच्या लेकाला लागून."

आईनं आरतीचं ताट खाली ठेवलं.

मावशीनं गोळी पदराच्या टोकात बांधली, दातानं गाठ आवळली आणि उठली.

"त्याचं एवढंच घरी यायचं ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली.