रुद्रेशच्या डोक्यातला दाब

सुकन्या सिस्टर बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. नांदेडच्या एका आयसीयूत इतकी वर्षं काढली, की नजर आपोआप माणसाच्या खांद्यावरून मागच्या मॉनिटरवर जाते. हदगावला माहेरी गेली की आई टोमणा मारते, "माझ्यामागं काय दिसून राहिलंय तुला?"

त्या दुपारी मॉनिटरखाली रुद्रेश होता. अर्धापूरचा, केळीचा बागायतदार. जनावरांची वैरण कापताना कडबाकुट्टीचं पातं निखळून त्याच्या कपाळात घुसलं होतं. शेजारचा मलप्पा ते उपसायला धावला, तर रुद्रेशच्या आईनं, केवळाबाईंनी, त्याचा हात धरला. अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं: पातं हलवू नका, भोवती कापड गुंडाळा, तसंच आणा.

पातं ऑपरेशनमध्ये निघालं. आता भीती सुजेची. कवटी काही फुगत नाही. मेंदू सुजला की आतला दाब वाढतो आणि रक्ताला वर चढायला वाट राहत नाही. म्हणून डोक्यात बारीक तार बसवून त्या दाबाचा आकडा पडद्यावर आणला होता. विसाच्या आत असला तर सुटकेचा श्वास सोडायचा.

सकाळपासून पंधराच्या आसपास होता. केवळाबाई लेकाला भेटून गेल्या, आणि थोड्या वेळानं आकडा चढायला लागला. एकोणीस. बावीस. सव्वीस.

पातं काढणाऱ्या सर्जन डॉ. मालविका दुसऱ्या ऑपरेशनला उभ्या होत्या. सुकन्यानं आत फोन लावला. त्यांनी एकेक विचारलं, हिनं एकेक केलं. उशाकडची बाजू उंच होतीच. मान सरळ केली, श्वासाची नळी साफ केली, गुंगीचं औषध वाढवलं, दाब उतरवणाऱ्या औषधाची बाटली लावली.

आकडा एकोणतीस.

मालविका म्हणाल्या, आत रक्तस्राव झाला असेल, स्कॅनला न्यायची तयारी कर. अशा पेशंटला हलवायचं म्हणजे वाटेतच जाण्याचा धोका. पण दुसरा इलाज नव्हता. वॉर्डबॉय ट्रॉली आणायला गेला. सुकन्यानं श्वासाच्या नळीची मानेभोवतीची पट्टी नीट बसली आहे का, म्हणून तिच्याखाली बोट सारलं. बोट अडकलं.

पट्टीखाली काळा दोरा होता. सुजलेल्या मानेत रुतून बसलेला. चेहऱ्याची सूज मानेपर्यंत पसरली आणि दोरा आवळत गेला. डोक्यातून खाली येणारं रक्त तिथंच अडत होतं.

सुकन्यानं कात्री उचलली. दारात उभ्या केवळाबाई ओरडल्या नाहीत. सरळ आत आल्या आणि सुकन्याचा कात्रीचा हात धरला.

"देवाचा गंडा हाय तो. म्या बांधला."

"मावशी, त्याचा गळा आवळलाय."

"पडू नये म्हणून घट्ट बांधला. कापू नको. गंडा कापला की आयुष्य कापलं म्हणतात."

"मग सोडा. तुम्हीच सोडा."

केवळाबाई नखांनी गाठ उकलायला लागल्या. घामानं गाठ बसली होती. पडद्यावर एकतीस झाले. सुकन्यानं पहिल्यांदा पडद्यावरची नजर काढून म्हातारीच्या डोळ्यांत बघितलं.

"पाप मला लागू द्या," ती म्हणाली, आणि दोरा कापला.

केवळाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. लेकाकडे बघेनात, सिस्टरकडेही नाही. ट्रॉली दारात येऊन थांबली. सुकन्यानं हात वर करून वॉर्डबॉयला थांबवलं. अठ्ठावीस. पंचवीस. बराच वेळ पंचविसालाच अडकला. मग एकवीस. फोनवर मालविका म्हणाल्या, ट्रॉली तिथंच राहू दे, मी येऊन बघते.

सतरावर आल्यावर केवळाबाई उठल्या. तुटका दोरा त्यांनी पदरात पुसला, रुद्रेशचं मोकळं मनगट शोधलं आणि त्यावर गाठ मारली. मग दोरा कापल्यापासून पहिल्यांदा सिस्टरशी बोलल्या.

"बोट घालून बघ बाई. जातं का?"

सुकन्यानं घातलं. दोन बोटं सहज गेली.