राणीच्या विलापातला श्वास

पडदा वर जातो. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या जुन्या नाटकगृहातली शनिवारची दुपार. मागच्या उघड्या दारातून समुद्राचा ओला वारा शिरतोय आणि राजवाड्याचे कापडी खांब पोटात कळ आल्यासारखे हलतायत. मध्ये राजाची लाकडी शवपेटी. तिच्या उशाशी अट्रॅक्टा मल्केरिन उभी आहे. मुख्य गायिकेचा गळा बसला, म्हणून कोरसमधून पुढे ओढलेली पोर.

"पुन्हा तुटलं!" संचालक टूहींनी छडी आपटली. माणूस वाईट नव्हता, पण ऑपेरावर जीव असलेला माणूस तालमीत गोड कुठून बोलणार? "राणी नवऱ्यासाठी रडतेय, बाई! मध्येच दम खायला काय टेकडी चढतेय?"

कोरसमध्ये खसखस पिकली.

"एवढी ओळ एका दमात होत नाही, साहेब."

"रात्री तुटली, तर उद्याच्या बसने घरी. तिथे बटाटे खणताना घे हवे तेवढे श्वास."

कपडेपटातली डेलिया अट्रॅक्टाच्या पाठीवरची बटणं लावताना पुटपुटली, "मनावर घेऊ नकोस गं. जिना चढताना त्यालाच धाप लागते."

अट्रॅक्टाला हसू आलं नाही. तिला आजी आठवत होती. त्यांच्या किनाऱ्यावर मयत झालं की आजीला रडायला बोलावत. दोन बायका मृताच्या उशाशी बसत. एकीचा दम सरायच्या आत दुसरी सूर उचलत असे. मध्ये फट पडली तर गेलेला जीव वाटेतच अडकतो, असं म्हणत. लहानपणी चुलीपुढे अट्रॅक्टाच आजीची जोडीदारीण. "मी सूर धरते, तू श्वास घे," आजी म्हणायची. मार्चमध्ये आजी गेली. नात डब्लिनला गाण्याच्या परीक्षेत होती आणि गावात तसं रडणारी दुसरी कुणी उरली नव्हती. आजीला मुकाट्याने पुरलं.

रात्री ती ओळ आली. निम्म्यावरच छाती रिकामी झाली. संपलं, असं अट्रॅक्टाला वाटलं, तोच डाव्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. म्हातारा, घरघरता श्वास. आजीच्या चुलीत लाकडाऐवजी जळणाऱ्या दलदलीच्या मातीचा वास आला. अट्रॅक्टाने तोंड मिटलं, सावकाश छाती भरून घेतली. सूर चालूच होता. मग तिने तो अलगद उचलला.

मध्यंतरात टूही धावत आले. "कुठे लपवलं होतंस हे? शेवट असाच कर, पुढचा सगळा दौरा तुझा!"

ते गेल्यावर डेलिया जवळ आली. "पोरी, मी विंगेतून बघत होते. तुझं तोंड मिटलेलं होतं."

शेवटच्या प्रवेशात, पुन्हा शवपेटीपुढे, विलापाचा शेवटचा सूर विरला. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. आणि अट्रॅक्टाच्या डाव्या कानाशी धाप लागली. कुणीतरी मार्चपासून न थांबता चालत आल्यासारखी, आणि आता चालवेना झाल्यासारखी.

"वाक, बाई, वाक!" टूही खालून दबक्या आवाजात ओरडले. "नमस्कार कर! तमाशा केलास तर दौरा विसर!"

ती वाकली नाही. शवपेटीच्या उशाशी जाऊन जमिनीवर बसली, शाल डोक्यावरून ओढून घेतली. टाळ्या एकेक करून थांबल्या. सगळ्या थिएटरला आता ती धाप ऐकू येत होती.

अट्रॅक्टाने छाती भरून घेण्याआधी डावीकडच्या रिकाम्या जागेकडे मान वळवली.

"आता तू घे, आजी. मी धरते."