जास्तीची ओळ

उरणहून आमच्या पनवेलच्या ऑफिसात येणारे ते काका मागेल त्याला कॉम्प्युटरवर आपोआप काम करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून देतात. कधी फाइलींची नावं बदलायला, कधी कंटेनरच्या याद्या जुळवायला. दुसऱ्याच्या कोडमध्ये फालतू ओळ दिसली की खुर्ची ओढून बसतात. "ही कशाला हाय? काढ."

पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला मधूनमधून उठायला सांगितलं होतं. मी कसली उठतेय! तेव्हा काकांनी माझ्या यादीसाठीही स्क्रिप्ट दिली. ती दहा मिनिटं घ्यायची. कंटाळून मी गॅलरीत फेऱ्या मारायचे. मनात म्हणायचे, काका म्हातारे झाले.

काल ती उघडून बघितली. काम दोन सेकंदांचं. त्याच्या आधी एक ओळ : दहा मिनिटं थांब.

"काका, ही काढू?"

"नाय गं. ती कामाची हाय."