दादांच्या घुंगरमाळेचा पट्टा

चूक माझीच होती, आणि ती मी पूर्ण शुद्धीवर असताना केली. माकणीला थोरल्या भावाच्या घरात खुंटीला टांगलेली बैलाची घुंगरमाळ मी न विचारता उचलली, धाराशिवला आणली आणि तिचं चामडं कापून माझ्या मनगटी घड्याळाला पट्टा करून घेतला. हौसेसाठी. दुसरं कसलंही कारण नव्हतं.

घड्याळ मुलीनं वाढदिवसाला दिलेलं. दुधावरच्या सायीसारखी तबकडी, बारीक काटे, आकडे नाहीत, नुसत्या रेघा. असलं देखणं घड्याळ माझ्या हाताला आजवर कधी लागलं नव्हतं. फक्त त्याचा पट्टा रबरी होता. धाराशिवच्या उन्हाळ्यात रबराखाली काय होतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. मनगटाभोवती घामोळ्यांचं कडं उठलं. बायको म्हणाली, "अहो, चामड्याचा पट्टा घ्या की साधा."

साधा पट्टा घ्यायला म्हणून मी निघालो आणि त्या नादातच अडकलो. मला हौस उशिरा लागते, पण लागली की दुसरं काही सुचत नाही. ऑफिसात लोक बोलायला आले की मी त्यांच्या तोंडाकडं न बघता मनगटाकडं बघू लागलो. काळा पट्टा, तपकिरी पट्टा, विटलेला, शिवण उसवलेला. घड्याळाला पट्टा बसतो तिथल्या दोन कानांमधलं अंतर मी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजलं. पट्टा जाड असला तर नाजूक घड्याळ त्यात बुडून जातं, आणि पातळ असला तर उसना आणल्यासारखा दिसतो, हेही मला कळू लागलं. पायात तपकिरी चप्पल असेल तर कंबरेचा पट्टा तपकिरी, आणि मग मनगटावरचाही तसाच हवा. पन्नाशीला आलेला माणूस मी, आरशासमोर उभा राहून डाव्या हाताची बाही वरखाली करून बघत होतो.

बाजारातल्या घड्याळाच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसतात. त्यांनी पट्ट्यांचा घोसच माझ्यापुढं टाकला.

"हा बघा साहेब, मगरीचं कातडं."

"खरंच मगरीचं?"

"मगरीनं बघितलं तर हसंल," चाचा म्हणाले. "रेक्झिन हाय. पण लांबून कुणाला कळत न्हाय."

मुलगी सोबत होती. मी काळा चकचकीत पट्टा लावून हात पुढं केला, तर ती म्हणाली, "पप्पा, लग्नातल्या फोटोग्राफरसारखे दिसताय." फिकट पिवळसर लावला तर म्हणाली, "हा कॉलेजच्या पोरांचा." गडद तपकिरी जरा बरा वाटला, पण वाकवला की त्याच्यावर पांढऱ्या भेगा पडायच्या. चाचांनी तीनदा चहा मागवला. शेवटी म्हणाले, "साहेब, मुलीसाठी नवरा शोधताना तरी इतकं बघू नका, न्हायतर पोरगी घरीच राहील." मुलगी हसून हसून बाहेर गेली. आम्ही रिकाम्या हातानं परतलो, पण माझा उत्साह तसूभरही कमी झाला नव्हता. मला हवा असलेला रंग जगात कुठंतरी आहे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

तो रंग मला माकणीला दिसला. कशासाठी तरी गावी गेलो होतो. दादा रानात होते, वैनी दळण आणायला गेलेल्या. पाणी प्यायला आत गेलो तर धान्याच्या खोलीत, खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात दोन घुंगरमाळा लटकत होत्या. चामड्याच्या रुंद पट्ट्यावर पितळी घुंगरं ओवलेली. वर्षानुवर्षं तेल पिऊन चामडं काळ्या गुळासारखं झालेलं. मी एक माळ हातात घेऊन वाकवली. एकही भेग नाही. नुसती मऊ, जड, तुकतुकीत. माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. हाच तो पट्टा!

दादांना विचारलं असतं तर ते 'घे' म्हणाले असते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. ते 'नाही' म्हणतील हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी विचारलं नाही. आता रानातली बहुतेक कामं ट्रॅक्टरनं होतात, तरी दादांनी बैलांची एक जोडी ठेवली आहे. पोळ्याला त्या दोन माळा जोडीच्या गळ्यात पडतात. जोडी वळणापलीकडं असतानाच माकणीची माणसं आवाजावरून ओळखतात की दादांचे बैल आले. हे सगळं ठाऊक असूनही मी माळ पिशवीत घातली. घुंगरं वाजू नयेत म्हणून वर टॉवेल दाबला.

धाराशिवच्या कारागिरानं माळ हातात घेतली आणि विचारलं, "बैलाची हाय न्हवं? घुंगरं काढू?"

"काढा," मी म्हणालो. एवढंच.

पुढचा तासभर मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून होतो आणि इतका आनंदात होतो की आता लिहायला लाज वाटते. त्यानं रापीनं चामडं आतून तासून पातळ केलं, कडा मेणानं घासल्या. दोऱ्याचे रंग पुढं ठेवले. पांढरा नको, फार उठून दिसेल. काळा नको, दिसणारच नाही. मी मधाच्या रंगाचा निवडला. बकल पितळेचं, जरा जुनाट. घड्याळाला पट्टा चढला आणि सायीची ती तबकडी एकदम उजळली. घरी येईपर्यंत मी सिग्नल नसलेल्या चौकातसुद्धा गाडी थांबवून हात बघितला.

ऑफिसात वाहवा झाली. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी दादांचा फोन.

"लई झाक दिसतोय रं पट्टा. कुठनं आणलास?"

"मिळाला असाच," मी म्हणालो.

"आमाला पण बघ की एखादा," दादा हसत म्हणाले. मीही हसलो.

पोळ्याला मी माकणीला गेलो. मुद्दाम अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा घातला होता, मनगट दिसावं म्हणून. तपकिरी चप्पल, तपकिरी कंबरपट्टा, सगळं जुळवून. गाव नुसतं उधाणलेलं. शिंगांना हिंगूळ आणि बेगड लागलेली, पाठीवर नव्या झुली, वेशीकडं हलगी कडाडत होती. मलाही चेव आला. अंगणात शिरलो तर दादा खोलीतून एकच माळ घेऊन बाहेर येत होते.

"दुसरी कुठं गेली?"

"खुंटीलाच होती की," वैनी म्हणाल्या.

"खुंटीला असती तर मला दिसली नसती व्हय?"

माझा डावा हात आपोआप खिशात गेला.

"भंगारवाला आलता तवा पितळ दिलंस तू. त्यातच गेली माळ."

"फुटकी परात दिली ती. माळ न्हाय दिली. देवाची आण."

"आण घालू नको, माळ आण," दादा ओरडले. मिरवणुकीसाठी जमलेली शेजारची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "वैनींनी पैंजण करून घातलं असतील." पुन्हा हशा. दादांनी हातातली माळही कट्ट्यावर आपटली. "एकाला हाय अन् एकाला न्हाय, असलं सोंग नको. बोडक्यानंच जाऊ द्या दोघं."

वैनींच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. त्यांनी ते तिथंच जमिनीवर ठेवलं. "भंगारात घालणारीनं ववाळू नये. तुमीच ववाळा," म्हणाल्या आणि आत गेल्या. घरधनीण ओवाळत नाही तोवर आमच्याकडं जोडी दावणीवरून हलत नाही. बैल उभे, दादा उभे, हलगी जवळ येत चाललेली, आणि मी खिशात हात घालून उभा. थोडा वेळ मला वाटलं की गप्प बसलो तर हेही निभावून जाईल. कुणाला कळणार होतं? पण दारातून आतल्या वैनी दिसत होत्या. चुलीकडं तोंड करून बसलेल्या, पदर डोळ्यांना लावलेला.

मी हात बाहेर काढला. घड्याळ सोडलं आणि दादांपुढं धरलं.

"दादा, माळ वैनींनी न्हाय दिली. मी नेली. ही तीच."

दादांनी घड्याळ घेतलं, पट्टा अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला.

"ह्यालाच म्या झाक म्हणलो?"

"व्हय."

"अन् घुंगरं?"

"धाराशिवला. कपाटात."

"मंजी बैल माकणीत अन् घुंगरं धाराशिवात." यावर एक जण हसला. दादांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो झुलीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. मला वाटलं आता चारचौघांत कानफटात बसते. पण दादांनी घड्याळ माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. "माझं-तुझं मागनं बघू. आधी तिच्याकडं जा. म्या बी येतो. मला बी बोलायचंय तिच्यासंग."

मी आत गेलो. "वैनी, माफ करा," म्हणालो. हलगीवाले तेवढ्यात दारात पोचले होते. वैनींना ऐकू गेलं नाही.

"काय?"

"माफ करा!"

"काय म्हणताय भावजी? भाईर चला, हितं काय ऐकू यीना."

त्या उठून अंगणात आल्या. माझ्या मागं दादा, समोर बैल, भोवती मघाशी हसलेली सगळी माणसं. मी हलगीवाल्याला हात करून थांबवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "वैनी, माळ मी चोरली. हौसेसाठी कापली. तुमच्यावर आळ आला तेव्हा मी इथंच खिशात हात घालून उभा होतो. माळ नेली त्यापेक्षा गप्प बसलो ही चूक मोठी आहे. मला माफ करा."