शेठची सगळ्यात मोठी परवानगी

ती घटना आजही आठवली की मला हसू आवरत नाही, म्हणून आधीच सांगतो. यात खून नाही, दरोडा नाही, पाठलाग तर नाहीच. पाठलागाला आमची जीप सुरू व्हावी लागायची. प्रेताची वाट पाहत असाल तर पान उलटा.

तेव्हा मी अकोटला फौजदार होतो. कापूस पिकायचा, भाव पिकत नव्हता. ठाण्यात रोज येणाऱ्या बातम्या अशा, की डबा गोड लागू नये. मला शाळेपासून नकलांची खोड. हवालदारांना जरा हसवायला तीच कामी यायची. आमच्या मोठ्या साहेबांचा नाकातला आवाज तर असा काढायचो, की पहाऱ्यावरचा शिपाई सलाम ठोकायचा.

एका सकाळी एका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याचे, शेठ घाम पुसत आले. "साहेब, माह्या हापिसातून गिऱ्हाईकं चोरी जाऊन राहिले!"

"चालत गेले, का कोणी उचलून नेले?"

"मस्करी नका करू. कम्प्युटरातून!"

भानगड अशी होती. जिनात नवीन ईमेल आलेली. रुईच्या गाठी घेणाऱ्या सगळ्या व्यापाऱ्यांचे पत्ते एका सामाईक यादीत. हापिसातल्या प्रत्येक कम्प्युटरवर तीच यादी उघडायची. तिच्यातून रोज एखाद-दुसरं नाव नाहीसं होत होतं. त्या व्यापाऱ्यांना भावाची ईमेल जाईना, आणि गाठी गोदामात पडून. शेठचा संशय कम्प्युटर ऑपरेटर मुलीवर.

"दुसऱ्या जिनवाल्याले इकते ती नावं. तिले आत टाका, मी कामावरून काढतो."

मी तिला ठाण्यात बोलावलं नाही. अकोटसारख्या गावात मुलगी ठाण्याची पायरी चढली, की तिचा निकाल त्याच संध्याकाळी चौकात लागतो. मग तिला दुसरीकडंही कोणी कामावर ठेवणार नाही. जबाब तिच्याच टेबलावर घेतला, दार उघडं ठेवून. तिच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं आणि तिची जीभ कातरीसारखी होती.

"साहब, नावं इकायची असती तर मी उतरवून नेली असती. पुसून मले काय भेटते? उलटी बोंब होते!"

मुद्दा बिनतोड. खोटा माणूस आधी घाबरतो, खरा आधी चिडतो. ही चांगलीच चिडली होती.

"मंग पुसते कोण?" मी विचारलं.

"मले काय मालूम? इथं सगळ्याईलेच पुसायची परवानगी हाये. शेठजीले किती बार बोलली, सगळ्याईले फक्त पाहाची ठेवा, पुसायची एकाकडंच ठेवा. तर म्हणते, सगळ्यात मोठी परवानगी मालकाची!"

शेठ बाहेर कापसाच्या गाड्या पाहायला गेले होते. फोनशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं जुने नंबर लिहिलेले. गायब झालेले तीन व्यापारी त्यात सापडले. त्यांना कोणी फोडलं, ते त्यांच्याच तोंडून काढावं म्हणून मी घसा साफ केला आणि शेठच्या आवाजात परतवाड्याला फोन लावला. ऑपरेटरनं हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली.

"काहून बाप्पा, इसरले काय आमाले?"

"शेठ! तुमी रागावले, मले ठाऊक हाये. तुमच्या पोराच्या लग्नाले येनं नाही झालं, माफ करा!"

अचलपूरवाला म्हणाला, "त्याच दिवशी माह्या साळ्याचंबी लग्न होतं, शेठ." तिसरा तर 'लग्न' शब्द काढून रडायलाच लागला. माझी ट्यूब पेटली. तिघांनाही शेठच्या आवाजात उदार मनानं माफ केलं, आणि ओघात रविवारी रोडगे अन् वांग्याची भाजी खायला बोलावून टाकलं.

शेठ आत आले. मी विचारलं, "पोराच्या लग्नाले जे आले नाही, त्याईचं काय केलं तुमी?"

"उडवले!" शेठनं छाती काढली. "जेवण झालं का एखादा आठवते, अन् उडवतो त्याले. पन माह्या कम्प्युटरातून, माह्या यादीतून!"

"यादी एकच हाये, शेठजी," ऑपरेटर म्हणाली. "तुमी तिथं पुसलं का इथूनबी जाते."

शेठनं आपल्या कम्प्युटरचा पडदा पाहिला, तिच्या पाहिला. मग खुर्चीत बसले आणि चहा मागवला. पहिला कप तिच्या टेबलावर ठेवायला लावला. दुपारभर शेठ एकेका व्यापाऱ्याचं नाव शिव्या घालत सांगत होते, आणि ती शिव्या वगळून टाइप करत होती. पुसायची परवानगी एकट्या तिच्याकडं आली.

"माह्या जिनात माह्यावरच बंदी?"

"राग उतरला का सांगा, देते वापस."

या केसनं मला एक शिकवलं. परवानगी खुर्ची पाहून नाही, काम पाहून द्यावी. ज्याला राग लवकर येतो, त्याच्या हाती पुसायचं बटण देऊ नये.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण रविवार उजाडला, आणि तिन्ही व्यापारी बायकापोरांसकट शेठच्या दारात उभे राहिले. घरात रोडग्यांचा पत्ता नव्हता. तो फोन कोणाचा, हे ऑपरेटरकडून कळताच शेठनं थेट मोठ्या साहेबांना फोन लावला.

सोमवारी साहेबांपुढं माझी पेशी. "फौजदार आहेस का नाटक कंपनी?" साहेब नाकातून गरजले. "दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्यांना जेवायला बोलावतोस? उद्या माझ्या आवाजात कोणाला सस्पेंड करशील! आजपासून तुझ्या तोंडाला फक्त ऐकायची परवानगी. बोलायची बंद. समजलं?"

मी टाचा जुळवून "येस सर" म्हटलं. ते नेमकं नाकातून निघालं.

साहेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.