डाव्या तळहातावर

उजव्या छातीत गाठ हाताला लागली तेव्हा मी देवालाच दोष दिला. आम्ही उदगीरचे लिंगायत. लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग मी चांदीच्या डबीत घालून गळ्यात बाळगते. ते अंगावेगळं करायचं नसतं, झोपेतसुद्धा. उजव्या कुशीवर झोपलं की डबी त्याच बाजूला घसरते, तिचाच दाब पडून छातीत काहीतरी घट्ट झालं असणार, असं मी ठरवून टाकलं. ह्यांनाही ते पटलं. आमचं किराणा दुकान, आणि हे म्हणजे प्रत्येक दुखण्यावर काहीतरी दुरुस्ती शोधणारा माणूस. त्यांनी सोनाराला घरी बोलावलं. मी मान वर करून बसले आणि त्याने डबी माझ्या गळ्यातच ठेवून तिच्या कडा घासून दिल्या. आता हसू येतं, पण त्या गुळगुळीत कडांवर विसंबून आम्ही चार महिने घालवले.

कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी लातूरला जायला सांगितलं. चिठ्ठीवर काय लिहिलंय हे मी विचारलं नाही.

लातूरला तपासणीच्या खोलीत मशीनवरची मुलगी म्हणाली, "मावशी, गळ्यातलं सगळं काढा. धातू चालत न्हाई." मंगळसूत्र मी सहज काढलं. डबीच्या दोऱ्याला हात लावला आणि रडू कोसळलं. त्या रडण्याचं मलाच नवल वाटलं, कारण कित्येक वर्षांत मी ती डबी धड उघडलीही नव्हती. माहेरी रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन मी पूजेला बसायची. नजर त्यावर ठेवली की कितीतरी वेळ दुसरं काही सुचायचं नाही. लग्नानंतर दुकान, पोरं, सासूबाईंचं अंथरूण. बंद डबीवरच पाण्याचे दोन थेंब शिंपडून पूजा उरकायची सवय लागली. पण ती सकाळ मनातून गेली नाही. दुकानात तराजू धरताना मला तिची इतकी ओढ लागायची की वाटायचं, उद्या नक्की बसायचं. त्या उद्याला तीस वर्षं झाली.

कपडे बदलायला मदत करणारी एक पन्नाशीतली बाई तिथे होती. ती म्हणाली, "माय, रडू नका. डबी चांदीची हाय, ती बाहेर ठेवा. आतलं दगडाचंच असतंय नव्हं? ते हातात धरा. मागं चाकूरच्या एका आजीनं असंच केलतं." मुलीनेही मान डोलावली. "मी शिवत न्हाई, तुम्हीच काढा," असं म्हणून ती बाई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी डबी उघडली. लिंगाला जुन्या भस्माचा थर चिकटला होता. मला लाज वाटली. पदराने पुसून ते डाव्या तळहातावर घेतलं आणि मशीनपाशी गेले. थंडगार पट्टीखाली छाती दाबली गेली, दुखलंही खूप. पण माझं सगळं लक्ष तळहाताकडे होतं. माहेरची ती सकाळ परत आल्यासारखं वाटलं. भीती गेली नाही; पण मी एकटी नव्हते, हे मला पक्कं कळलं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

नंतर त्या बाईला शोधून हात जोडले. ती एका आजोबांना चाकाच्या खुर्चीतून नेत होती. "कोणची माय? रोज लई येतात," म्हणाली आणि पुढे गेली. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. तिचे उपकार मात्र रोज आठवतात.

सुईने गाठीचा तुकडा काढला, रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे आणि त्या वेळी हातात काहीच ठेवता येणार नाही. मी ह्यांना म्हटलं, माझं लिंग तेवढा वेळ तुम्ही तळहातावर घ्या.

"आन् मागू काय?" ह्यांनी विचारलं.

मला जगायचं आहे. रोज सकाळी तसं बसायचं आहे, खूप वर्षं. पण हे काय देवाला मी कळवायला हवं?

"काही मागू नका," मी म्हटलं. "नुसतं धरून बसा."

ह्यांनी आपला डावा तळहात सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला.