दम्बाचं जळकं इंजिन

दम्बाला रागवायला कारण लागत नसे. तो आधी रागवायचा आणि कारण मग सवडीने शोधायचा. चहात मीठ कमी पडलं की राग, शेळ्या पाण्यावरून उशिरा परतल्या की राग, शेजारच्या खोऱ्यात कुणाच्या मेंढीला जुळी झाली तरी राग. लोक म्हणत, याच्या कळपाला लांडगा लागत नाही, कारण याचा आवाज ऐकून लांडगाच डोंगर बदलतो. माणूस मात्र कामाचा होता. वादळात कुणाचा तंबू उडायला लागला तर सगळ्यांच्या आधी धावत जाऊन दोर धरायचा, आणि दोर धरल्याधरल्या तंबूवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. साहजिकच त्याचे उपकार लोक विसरत आणि शिव्या लक्षात ठेवत.

अशा माणसाने मोटारसायकल घ्यायलाच नको होती. घोड्याला शिव्या घातल्या तर तो निदान कान तरी हलवतो.

गाडी थोरल्या भावाची, छुल्तेमची. बर्फावर पडून छुल्तेमचा घोटा गेला आणि त्याला किक मारवेना. म्हणून वसंत लागता लागता दोघा भावांनी अदलाबदल केली. दम्बाने आपला तांबडा घोडा दिला, छुल्तेमने गाडी दिली, रीतीप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या तपकिरीच्या कुप्या हुंगल्या आणि व्यवहार पुरा झाला. सख्ख्या भावांत आणखी काय लागतं? तंबूही शेजारी शेजारी होते. आई दम्बाकडे राहायची, कारण धाकट्याची चूल तीच आईची चूल.

आणि पहिल्याच खेपेला जळका वास आला.

घरापासून निघून टेकडीला वळसा घातला की गुडघ्यांमधून पांढुरका धूर वर यायचा आणि काहीतरी करपल्याचा वास नाकात शिरायचा. दम्बा उतरायचा, गाडीला लाथ घालायचा, पाय दुखला म्हणून आणखी चिडायचा. थोडं पुढे गेलं की धूर आपोआप थांबे. तालुक्याच्या गावी पुरेव मेकॅनिकच्या दारात उभी राहीपर्यंत गाडी अशी शहाण्यासारखी वागायची, की बघणाऱ्याला वाटावं दम्बालाच वेड लागलंय.

"रिंगा गेल्यात. बदल," दम्बा म्हणाला.

"मागून निळा धूर येतो?" पुरेवने विचारलं.

"नाही."

"काळा?"

"नाही म्हणतो ना! बहिरा आहेस काय?"

"मग रिंगांना कशाला बदनाम करतोस? ऑइल आत जळत असतं तर धूर सायलेन्सरमधून आला असता. तुझा धूर इंजिनाच्या अंगावरून उठतोय. बाहेर काहीतरी सांडतंय आणि ते जळतंय. आधी ते काय आहे ते बघ, मग ओरड."

यात न कळण्यासारखं काय होतं? पण दम्बाने ऐकलं ते फक्त 'सांडतंय' एवढंच. सांडतंय म्हणजे ऑइल, म्हणजे गॅस्केट फाटलंय. त्याने गॅस्केट बदलायला लावलं. वास आलाच. मग स्वतः हेड उघडलं आणि बोल्ट इतक्या रागाने आवळला की त्याचे आटेच गेले. ते नीट करून घेतले, तरी वास आला. पुरेव वैतागून म्हणाला, "माझ्यासमोर एकदा तरी धूर काढून दाखव. तुझ्या गाडीला माझा धाक आहे बाबा, तुझा नाही."

उन्हाळाभर हे चाललं आणि उन्हाळाभर दम्बाच्या डोक्यात एकच गोष्ट शिजत राहिली. छुल्तेमला हे ठाऊक होतं. घोट्याचं नाव सांगून त्याने जळकं इंजिन आपल्या गळ्यात मारलं आणि आपला तांबडा घोडा लाटला.

शरदात तंबूवर घालायचा लोकरीचा जाड नमदा करायला सगळी वस्ती जमली. ओली लोकर पसरून, गुंडाळून, घोड्यामागे ओढायचं ते काम. आई एका सतरंजीवर बसून लोकर चाचपत होती. दम्बा उशिरा पोचला, कारण टेकडीमागे गाडी धुरावली होती. आल्या आल्या त्याने हातमोजे जमिनीवर आपटले.

"चोर आहेस तू, दादा! सख्ख्या भावाला फसवलंस! जळलेलं इंजिन देऊन माझा घोडा घेतलास!"

लोकर ओढणारे हात थांबले. छुल्तेमने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली वाकून गुंडाळीचा दोर आवळायला लागला.

"बोल की! तोंड शिवलंय का?"

"काय बोलू?"

"म्हणजे खरं आहे! ऐकलंत का सगळ्यांनी? खरं आहे!"

छुल्तेमने दोर आवळून काम पुरं केलं. पण तांबडा घोडा त्याने त्याच दुपारी दम्बाच्या खुंट्याला आणून बांधला, आणि थोड्याच दिवसांत तंबू उतरवून नदीपलीकडे गेला. घोडा परत मिळाला म्हणून दम्बाला आणखी राग आला. चोर नसता तर परत कशाला केला असता?

आई मात्र रोज नदीकडे तोंड करून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "पलीकडे चूल पेटलेली दिसते का रे?" तिची नजर अधू झाली होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. किती अधू झाली होती हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. लेकाने भावाला चोर म्हटल्यापासून ती दम्बाशी कामापुरतंच बोलायची, आणि त्याचा दोषही दम्बा छुल्तेमलाच द्यायचा.

थंडी पडायला लागली तशी दम्बाने शेवटचा उपाय केला. पेट्रोल आणि ब्रश घेऊन इंजिनाभोवतीच्या पात्यांमधली खाच न खाच खरवडून काढली. पिवळट, कडक, लोकर चिकटलेला थर निघाला. मग वस्तीभोवती चकरा मारल्या, टेकडी चढून उतरून आला. धूर नाही, वास नाही. त्याने बायकोला, देजिदला, बाहेर बोलावून मुद्दाम इंजिन हुंगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पीठ आणायला जायचं होतं. गाडी सुरू करून तापायला बाहेर ठेवली आणि तो आत शेवटचा वाडगाभर चहा प्यायला बसला. रोजची रीत हीच. चहा होईपर्यंत आई बाहेर जाऊन उभी राही, तो निघाला की वाट सुखाची व्हावी म्हणून त्याच्यामागे पळीने आभाळाकडे दूध शिंपडी, आणि निघालेल्या माणसाने मागे वळून बघायचं नसतं म्हणून तो बघत नसे. त्या दिवशी कुत्रं भुंकायला लागलं. त्याला शिव्या घालायला दम्बा वाडगा अर्धा ठेवून बाहेर आला.

आई गाडीपाशी होती. एका हाताने चाचपडत होती. हँडल, दिवा, मग टाकी. टाकीखाली तिचा तळवा ऊब शोधत थांबला. घोडा असता तर तिने आयाळीला दूध लावलं असतं. इथे तिला जनावराची ऊब लागत होती ती नेमकी इंजिनापाशी. ती वाकली, तोंड जवळ नेलं आणि भरली पळी तिथे ओतली. दूध चुरचुरलं.

दम्बाने ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती इंजिनाला म्हणाली, "लेकाला सांभाळून ने रे बाबा. तापट आहे मेला, पण मनाचा वाईट नाही."

दम्बा उलट्या पावली आत गेला. देजिदने विचारलं काय झालं, तर तिच्यावरही ओरडला नाही. तिला वाटलं बरं नाही याला.

टेकडीच्या वळणावर धूर आला आणि या खेपेला त्याने तो नीट हुंगला. उतू गेलेलं दूध चुलीवर करपतं तो वास. पोर रांगायला लागतं तेव्हापासून ओळखीचा. पण राग नाकाच्या शेंड्यावर बसला असेल तर त्या नाकाने दुसरं काय हुंगावं?

पीठ राहिलं बाजूला. त्याने गाडी नदीत घातली, पलीकडे काढली आणि छुल्तेमच्या अंगणात नेऊन थांबवली. करपल्याचा वास अजून येत होता. राग गेला होता असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. रागाने फक्त दिशा बदलली होती.

"तुला माहीत होतं!"

छुल्तेम खोगीर दुरुस्त करत होता. त्याने इंजिनाकडे पाहिलं. "हो. गाडी माझ्याकडे होती तेव्हाही आई असंच करायची. मी टेकडीमागे थांबून ओल्या फडक्याने पुसून काढायचो."

"मग मी चोर म्हणालो तेव्हा बोलला का नाहीस? दातखीळ बसली होती?"

"आई बसली होती तिथे."

"मग गाडी देताना सांगायचंस! एकट्याला, बाजूला घेऊन!"

"तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?" छुल्तेमचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बोल ना! घरी जाऊन तिच्यावर ओरडला असतास. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा. तिच्या हातात आता ना धार काढणं राहिलं, ना शिवण. एवढी एक पळी राहिलीय. तीही तू ओरडून काढून घेतली असतीस."

ते शब्दाला शब्द खरं होतं. दम्बाने अंगरख्यातून तपकिरीची कुपी काढली आणि पुढे केली. छुल्तेमने हात मागे घेतले.

"इथे नको. चारचौघांत चोर म्हणालास, तो शब्द चारचौघांतच गिळ. आणि दुधाचा शब्द काढलास तर मात्र नदीच्या या बाजूला पाय ठेवू नकोस."

हिवाळ्याआधी घोडींच्या धारा बंद करायचा सणाचा दिवस त्या वर्षी छुल्तेमकडे होता. वस्तीच नव्हे, पुरेवही घोडीचं आंबवलेलं दूध प्यायला आला होता. दम्बा आईला मागे बसवून निघाला. निघण्याआधी ती पळी घेऊन इंजिनापाशी वाकली तेव्हा तो शेजारी उभा राहिला आणि तिचं पुटपुटणं संपेपर्यंत थांबला.

वळणावर ती म्हणाली, "दम्बा, काय करपतंय रे?"

"नमदा."

"कसला नमदा?"

"इंजिनाला थंडीचं पांघरूण घालतो ना, त्याचा तुकडा अडकलाय."

"मग काढ की गाढवा! एवढंही कळत नाही?"

नदीपलीकडे सगळे गोल करून बसले होते. धुरकटलेली गाडी बघून पुरेव उठला, जवळ आला, पात्यांवरचे पांढरे ओघळ पाहिले, हुंगले आणि तोंड उघडणार तोच छुल्तेमने त्याच्या हातात भरलेला वाडगा कोंबला. "पुरेव, तू पी."

दम्बाने दोन्ही हातांवर कुपी धरली. माफी कशी मागतात ते त्याला येत नव्हतं, म्हणून तीही त्याने ओरडूनच मागितली. "ऐका रे सगळे! गाडी चांगली होती! माझ्या भावाने मला फसवलं नाही! मीच इंजिनाचं पांघरूण न काढता चालवत होतो, तेच जळत होतं! उन्हाळाभर!"

"उन्हाळ्यात पांघरूण?" कुणीतरी म्हणालं. "गाडीला सर्दी झाली होती का?"

हसण्याचा असा लोंढा आला की घोडे बिचकले. दम्बाच्या मानेवरची शीर फुगली. "हो! उन्हाळ्यात! माझी गाडी आहे, मी गादी घालीन नाहीतर उशी!"

लोक डोळे पुसायला लागले. छुल्तेमने पुढे होऊन कुपी घेतली, हुंगली आणि आपली त्याच्या हातात दिली. तोही हसत होता, पण दम्बाकडे बघत नव्हता.

आई हसली नाही. ती सतरंजीवरून उठली. "एका पांघरुणापायी? एका चिंधीपायी माझ्या लेकाला चोर म्हणालास? पोराला नदीपलीकडे घालवलंस?" ती आवाजाच्या रोखाने पुढे आली आणि सगळ्यांसमोर त्याचा कान पिळायला हात वर केला. हात हवेतच इकडेतिकडे शोधत राहिला.

 दम्बा खाली वाकला आणि कान तिच्या हाताखाली नेऊन धरला.